नांगीतली खुंटी

पहिली, पहिली म्हणून मला मिरवू नका. मागे बँगोरच्या वर्तमानपत्रातली एक पोरगी आली होती, गळ्यात कॅमेरा अडकवून. टॉलमन खाडीत स्वतःची बोट चालवणारी पहिली बाई तुम्ही कशा झालात, म्हणे. मी सांगितलं, नवरा पळाला म्हणून झाले. तिने ते लिहून घेतलं नाही. खरं तेवढंच होतं. डेल पोर्टलंडच्या एका केस कापणाऱ्या बाईबरोबर गेला आणि घाईत बोट न्यायची राहिली.

बोटीचं नाव 'आर्डेल', म्हणजे माझंच. आमच्या किनाऱ्यावर बोटीला बायकोचं, नाहीतर लेकीचं नाव द्यायची रीत आहे. धक्क्याला लागलेल्या बोटींची नावं वाचलीत तर वाटेल बायकांची पंगत बसलीय. पण जिवंत बाई बोटीत चढली की अपशकुन. मग म्हणे इंजिन बंद पडतं, वारा फिरतो आणि शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, खडकाखाली दडून बसतात. हे मी लहानपणापासून माझ्या बापाच्या तोंडून ऐकत आले.

बाप म्हणजे मर्टन पिंकम, खाडीतले सगळ्यात जुने शेवंडवाले. आई गेल्यापासून टेकडीवरच्या घरात एकटेच राहायचे. मी डेलची बोट घेऊन पहिल्यांदा निघाले, ती एकाहत्तर सालच्या वसंतातली सकाळ. अख्ख्या धक्क्यासमोर ते मला म्हणाले, घरी जा, नाहीतर सार्डिन मासळीच्या कारखान्यात जा, इथे तुझं काम नाही. आणि पाठ फिरवली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. रस्त्यात समोर आले तर टोपीला हात लावायचे, पोस्टमास्तरच्या बायकोला लावावा तसा.

आणखी एक त्यांनी केलं, ते मला जास्त लागलं. शेवंडी एकत्र ठेवल्या की एकमेकींच्या चिंधड्या करतात. म्हणून सापळ्यातून काढल्या काढल्या प्रत्येकीच्या नांगीच्या सांध्यात एक लाकडी खुंटी मारायची, म्हणजे नांगी उघडत नाही. या खुंट्या बाबा हिवाळाभर चुलीजवळ बसून पाइनच्या लाकडातून तासायचे. सपाट, एका बाजूला निमुळत्या. सगळी खाडी त्यांच्याच खुंट्या वापरायची. मी मागितल्या तेव्हा निरोप आला की बायकांसाठी मी लाकूड तासत नाही. मी रॉकलंडच्या दुकानातून आणल्या, यंत्रावर केलेल्या, गोल.

एप्रिल, मे हात हलवत परत येण्यात गेले. डेलच्या जागा मला नीट माहीत नव्हत्या आणि सांगणारं कुणी नव्हतं. धक्क्यावरचा खरेदीदार हॉलिस माझं टोपलं काट्यावर ठेवायचा आणि काटा हलला तर नशीब. बोटीचे हप्ते नव्हते, एवढं देवाचं. पण घर चालवायला तरी शेवंड लागतेच की. उन्हाळा असाच गेला तर बोट विकायची, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

आणि जूनमध्ये सापळे भरायला लागले.

मी खूश झाले, का नाही होणार? वाटलं, आता कळायला लागलं. पाण्याचा रंग, खालचे खडक, भरतीची ओढ. एकटीच गायचे बोटीत. पण दोनेक आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की कुठेतरी पाणी मुरतंय. सापळ्याचं दार मी दोरीच्या दोन वेढ्यांनी बांधते, डेल बांधायचा तसं. वर येणाऱ्या काही सापळ्यांना तीन वेढे असायचे. आतलं आमिष ताजं, मी लावलेलं नव्हे असं वाटायचं. कुणीतरी माझे सापळे उचलत होतं.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळालात तर लोक दोन वर्षांत विसरतात. डेलचंच बघा, अजूनही ख्रिसमसला त्याला चार घरची कार्डं जातात. पण दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावला तर माफी नाही. चोरायला लावला, बघायला लावला, कशालाही. सापळ्याची दोरी वर तरंगणाऱ्या बोयाखाली कापतात, सापळे तळाशी जातात ते कायमचे. पोलीस नाही, कोर्ट नाही. माणूस समुद्रावरून उठतो.

मला सगळ्यात आधी संशय आला व्हॉन थॅक्स्टरचा. कुणी कुठे सापळे टाकायचे हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, पण व्हॉनला न विचारता कुणी टाकतही नाही. मी त्याला विचारलं नव्हतं. तो मला बघून थुंकायचा, अगदी शिस्तीत, दर वेळी डावीकडे. पण गंमत अशी की चोर येऊन गेला तर सापळा रिकामा हवा. माझे भरलेले. हा कसला चोर? मग मला वाटलं, नाही, काहीतरी मोठा डाव आहे. मला चढवून पाडायचा. मग हॉलिसचा संशय आला, कारण हल्ली तो माझं टोपलं तोलताना नको इतका गप्प असायचा. मग शेजारच्या मेबेलचा, ती कारण नसताना पाव आणून द्यायला लागली होती. खरं सांगते, त्या उन्हाळ्यात मी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळीसुद्धा डोळे मिटत नव्हते. कोण कुणाकडे बघतंय ते बघत बसायचे.

बघण्यासारखं होतंही. माझं टोपलं चढत होतं आणि बाबांचं उतरत होतं. त्यांची बोट दुपारी यायची, अर्धं खोकं भरलेलं. पुरुष माना हलवायचे. म्हातारा थकला, कुणी म्हणायचं. मग माझ्याकडे बघायचे आणि पुढचं बोलायचे नाहीत. न बोललेलं मला बरोबर ऐकू यायचं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी खडकाळ टोकाजवळचा सापळा वर घेतला. दार उघडलं. आत एक चांगली दांडगी शेवंड, आणि तिच्या नांगीत खुंटी.

मी खाली बसले. शेवंड समुद्राच्या तळाशी स्वतःच्या नांगीत खुंटी मारून घेत नाही. कुणीतरी ती आधी पकडली होती, खुंटी मारली होती, आणि मग माझ्या सापळ्यात आणून टाकली होती. आणि खुंटी सपाट होती. बाबांच्या हातची, म्हणजे खाडीतल्या कुठल्याही पुरुषाची. फक्त माझी नव्हे. माझ्या टोपल्यात ती सापडली की मी चोर, इतकं ते सोपं होतं. मी ती शेवंड समुद्रात भिरकावली. मग बाकीच्या बघायला लागले. कितीतरी शेवंडींच्या सांध्यावर एक काळा ठिपका. खुंटी मारून काढून घेतली की पडतो तसा. कुठल्या माझ्या आणि कुठल्या आणून टाकलेल्या, मला सांगता येईना.

धक्क्यावर व्हॉन उभाच होता. आज त्याने माझ्या टोपल्यात हात घातला, परवानगी न घेता, आणि माझ्या नजरेतून सुटलेली एक शेवंड वर धरली. तिच्याही नांगीत सपाट खुंटी.

"ही कुठून आली, आर्डेल?"

मी म्हणाले, माझ्या सापळ्यातून. कुणीतरी टाकली. तो हसलासुद्धा नाही. त्याने शेवंड हॉलिसला दाखवली, हॉलिसने बाकीच्यांना. मग सगळ्यांचा हिशोब एकदम जुळला. बापाचा माल कमी, लेकीचा जास्त, लेकीच्या टोपल्यात बापाची खुंटी. बाबा तिथेच, चार पावलांवर, आमिषाच्या पिंपाशी उभे होते. त्यांनी खुंटीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मी वाट बघितली. म्हटलं, इतकं तरी म्हणतील की माझी लेक असं करायची नाही. ते आपली बादली उचलून चालायला लागले.

व्हॉन म्हणाला, रविवारी दुपारी गोदामात सगळे बसू. सोमवारी काय कापायचं ते कापू.

त्या रात्री मी रडले, आणि कशासाठी रडले तेही सांगते. बोटीसाठी नाही. बापाने बादली उचलली म्हणून.

आता माझ्याकडे एकच संधी होती. उन्हाळ्यात रविवारी सापळे उचलायला कायद्याने बंदी आहे. सकाळी सगळा गाव चर्चमध्ये असतो. ज्याला लपून काही करायचं त्याला याहून चांगली वेळ नाही. मी हिशोब केला की व्हॉन येईल. त्याची बायको ऑर्गन वाजवते, ती एकदा वाजवायला बसली की कोण कुठे आहे तिला काय कळतंय? रविवारी मी लहान होडी वल्हवत खडकाळ टोकामागे जाऊन बसले. धुकं असं की स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसेना. गावातली घंटा ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही. मग वल्ह्यांचा आवाज. इंजिन नव्हे, वल्ही. कुणीतरी माझ्या बोयापाशी थांबलं, आणि पाण्यातून दोरी ओढल्याचा आवाज आला.

मी पुढे झाले. हातात वल्हं होतं आणि मारायची तयारी होती.

होडीत बाबा होते. गुडघे दुखतात म्हणून चर्चला येत नाही असं पाद्र्याला सांगणारे माझे बाबा, माझा सापळा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी बादलीत त्यांच्या शेवंडी. एकीची खुंटी त्यांनी दातात धरून उपटली होती, ती अजून दातातच होती.

माझं वल्हं खाली आलं. त्यांनी खुंटी तोंडातून काढली आणि जणू घरी जेवताना बोलावं तसं म्हणाले, "धुक्यात दिसत नाही गं नीट. मागे एक-दोघींच्या काढायच्या राहिल्या. हात सवयीने मारतो खुंटी, काढायचं लक्षात ठेवावं लागतं."

"बाबा, का?"

"रिकामी यायचीस. वरच्या खिडकीतून दिसायचं मला, बोट पाण्यावर हलकी यायची. मला जेवण जायचं नाही."

"तुम्हीच म्हणत होता ना, सोड म्हणून?"

"तोंडाने म्हणत होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की म्हणाले, व्हॉन मला हाकलणार होता तर बाहेरून हाकलणार होता, तुम्ही तर मला आतून पोखरलंत. आता मला माहीत नाही मला काही येतं की नाही. मी गात होते बोटीत, बाबा. तुमच्या शेवंडींवर गात होते. आणि गुरुवारी त्यांनी मला चोर ठरवलं तेव्हा तुम्ही गप्प.

ते म्हणाले, "काय सांगणार होतो? दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावला म्हणून?"

"दुसऱ्याच्या नाही. माझ्या."

"तेच ते," ते म्हणाले. खरंच तेच होतं, आमच्याकडे.

मी त्यांना सांगितलं, दुपारी गोदामात यायचं आणि जे आहे ते बोलायचं. नाही बोललात तर मी बोलेन. त्यांनी आत काही न टाकता सापळ्याचं दार बांधलं, तीन वेढ्यांनी, आणि सापळा हलकेच पाण्यात सोडला. हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत.

गोदामात खारवलेल्या हेरिंग मासळीचा वास, पिंपांवर बसलेले पुरुष, दारात मी. आत बस असं मला कुणी म्हटलं नाही. व्हॉनने सगळं सांगितलं, न ओरडता. बोलता बोलता खिशातून खुंटी काढून पिंपावर ठेवली. मग म्हणाला, मर्टन, तुझी लेक आहे, तुला काही म्हणायचंय का?

बाबा उठले. आधी टोपी काढली.

"तिने चोरी केली नाही," ते म्हणाले. "मी केली. जूनपासून तिचे सापळे मी उचलतोय."

व्हॉनने विचारलं, मग तुझी खुंटी तिच्या टोपल्यात कशी?

"शेवंड काढली, खुंटी मारली, तेवढ्यात इंजिन ऐकू आलं. घाबरलो. परत टाकली तिच्याच सापळ्यात."

"आणि माल? हॉलिसकडे तर तुझं अर्धं खोकं येतं."

"चोरीचा माल हॉलिसला विकीन का? रॉकलंडला विकला."

मला आधी कळेचना. मग कळलं. खरं सांगितलं असतं तर मी चोर ठरले नसते, पण बापाने भरवलेली पोर ठरले असते, आणि ते लेबल मरेपर्यंत निघालं नसतं. म्हणून हा माणूस साठ वर्षांचं नाव आपल्या हाताने चुलीत घालत होता. आणि मला न विचारता. परत एकदा मला न विचारता.

मी आत गेले, दोन पिंपांमधून, थेट मधोमध. म्हणाले, खोटं बोलतायत. काढत नव्हते, टाकत होते. त्यांच्या शेवंडी माझ्या सापळ्यात टाकत होते. माझ्या निम्म्या शेवंडींच्या नांगीवर काळा ठिपका आहे. माझा माल तुम्ही समजता तेवढा नाही. निम्मासुद्धा नाही.

पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. हॉलिसने नाक शिंकरलं. शेवटी व्हॉन बोलला, आणि इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"आर्डेल, बापाला सांभाळतेस, चांगलं आहे. पण दुसऱ्याच्या सापळ्यात शेवंड टाकणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तूही पाहिला नाहीस."

मी बाबांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोला. ते टोपीच्या आतलं अस्तर बघत होते.

मग व्हॉनने आपली सुरी माझ्यासमोर धरली, मूठ माझ्याकडे करून. नुकसान ज्याचं, पहिला बोया त्याने कापायचा, अशी रीत. आमच्या खाडीत बाईच्या हातात ती सुरी कुणी कधी दिली नव्हती. वसंतापासून मला हेच हवं होतं, की यांनी मला आपल्यातलं म्हणावं. मी सुरीला हात लावला नाही. तेही त्यांना आवडलं, मेल्यांना. लेकीचं काळीज, म्हणाले.

सोमवारी त्यांनी कापले. सगळे. बाबांचे पांढरे-हिरवे बोये दिवसभर सुटे होऊन काठाला लागत होते आणि पोरांनी ते गोळा करून कुंपणाला टांगले. मीही त्याच दिवशी समुद्रावर गेले, कारण घरी बसणं जमेना. माझे सापळे एकेक करून वर घेतले. दारांना दोनच वेढे, काल बाबांनी माझ्यासमोर बांधलेल्या एका दाराला तेवढे तीन. बरेच सापळे रिकामे. काहींत लहान पिल्लं, ती परत सोडली. एक शेवंड हातात घेतली की आधी तिच्या सांध्यावर बघायचे, ठिपका आहे का. नव्हता. मग पुढची.

धक्क्याला लागले तेव्हा माझी दोरी धरायला व्हॉन स्वतः वाकला. दोरी धरून म्हणाला, चोरी होऊनसुद्धा उन्हाळाभर एवढं आणत होतीस, मानलं तुला. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, डावीकडे. टोपलं बघून हॉलिस हळहळला. म्हणाला, आज मन लागलं नसणार, साहजिक आहे. मी पैसे खिशात घातले. बोलून झालं होतं.

तिथून मी टेकडी चढून गेले. वसंतापासून त्या दाराशी गेले नव्हते. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते, पाण्याकडे तोंड करून. गुडघ्यावर घोंगडी. मी दुसरी खुर्ची ओढली. वाटलं होतं भांडेन, निदान रडेन तरी. दोन्ही झालं नाही.

"किती निघाल्या?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"एवढ्याच?"

"एवढ्याच. पण कुणी टाकलेल्या नाहीत."

ते खुर्चीत पुढे सरकले, बोटाने काचेवर काहीतरी रेखायला लागले. म्हणाले, तो काळा खडक दिसतोय ना, त्याच्या दक्षिणेला एक कपार आहे, ओहोटीला...

"सांगू नका," मी म्हणाले.

त्यांनी बोट काचेवरून काढलं आणि तोंड मिटलं. माझं वय तेव्हा एकेचाळीस. माझ्या बापाने माझं ऐकलं, असं ते पहिल्यांदा झालं.